रिपोर्ट आला, पुढे कोण?

बारावीचा निकाल लागला की लोहारा-उमरगा भागातल्या विज्ञान शाखेच्या मुलांच्या घरी एकच हिशेब सुरू होतो. नीटला गुण किती पडले, लातूरला आणखी एक वर्ष ‘रिपीट’ करायचे का, आणि करायचे तर पैसे कुठून आणायचे. ते जमत नसले की कोणी मामा किंवा ओळखीचा मेडिकलवाला सांगतो, ‘डीएमएलटी कर. लगेच हाताला काम लागतंय.’ सल्ला चुकीचा नसतो. रक्त-लघवी तपासणारा माणूस आज तालुक्याच्या प्रत्येक गावाला लागतो.

मात्र ‘जो माणूस आता बरा होणार नाही, त्याची काळजी घ्यायला शीक, त्याचीही नोकरी असते’ असे या मुलांना कोणी सांगत नाही. सांगणाऱ्यालाच ते माहीत नसते. खरे तर ही दोन्ही कामे एकाच आजाराच्या दोन टोकांना उभी आहेत. एका टोकाला आजाराचे नाव कळते, दुसऱ्या टोकाला त्या आजारासह उरलेले दिवस काढायचे असतात. पहिल्या टोकाची वाट आपल्याकडे चांगली मळलेली आहे. दुसऱ्या टोकाला घरची सून असते, लेक असते, आणि शिकवलेले कोणीच नसते. या लेखात दोन्ही व्यवसायांचा आढावा घ्यायचा आहे. माझे झुकते माप दुसऱ्या टोकाला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

हा आढावा लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला उभे राहून घ्यावा असे वाटण्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारीइतकाच घाव सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी या गावांनी सोसला. गणपती विसर्जनाची रात्र होती. माणसे दमून झोपली होती, आणि दगड-मातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या. त्यानंतर या गावात स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, शासन आणि स्वयंसेवी संस्थेच्या भागीदारीतून चालणारे. खेड्यातले सरकारी रुग्णालय स्वच्छ असू शकते, तिथे रात्री बाळंतपण होऊ शकते, हे या परिसराने त्यातून पाहिले. तिकडे अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांनाच ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. फार न शिकलेल्या बाईला नीट शिकवले तर ती आरोग्याचे काम जबाबदारीने करते, हा धडा या मातीत आधीच गिरवून झालेला आहे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता प्रयोगशाळेकडे. या भागातल्या प्रयोगशाळेच्या कामाची सर्वांत मोठी गोष्ट जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे, इथल्या शाळेतल्या मुलांना बहुधा नाही. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी. शहरातल्या नोंदणीत रुग्णालयाचे कागद तपासले तरी भागते. इथे कागदच नव्हते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावून सांगितली, संशयित रुग्णांना तपासणीला आणले.

त्याच पायावर १९९९ च्या ऑक्टोबरात टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे रुग्णालय आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका आणि गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि उरलेल्या गटांत नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८. पहिल्या गटात कर्करोग निघालेल्या १२७ जणींपैकी ३९ जणींचा आजार पुढच्या टप्प्याचा होता. दुसऱ्या गटात ११८ पैकी ८२ जणींचा. मृत्यू पहिल्या गटात ३४, दुसऱ्यात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

तपासणी न झालेल्या गटावर पुढे टीका झाली. त्या बायकांना आपण कशात सहभागी आहोत हे पुरेसे समजावले होते का, असे विचारले गेले. तो प्रश्न मला रास्त वाटतो आणि तो विसरून या अभ्यासाचे कौतुक करू नये. तरीही त्यातला एक तपशील करिअर निवडणाऱ्या मुला-मुलींनी लक्षात ठेवावा. हे नमुने खेड्यातल्या तपासणी-शिबिरांत प्रशिक्षित परिचारिकांनी घेतले आणि बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी तपासले गेले. ज्या निष्कर्षांवर आज जगातले देश आपली धोरणे बेततात, त्यांच्या मुळाशी आपल्याच भागातल्या तंत्रज्ञांनी लावलेली चिठ्ठी आहे. एक चिठ्ठी चुकून दुसऱ्या नळीला लागली असती तर एका बाईला नसलेला आजार चिकटला असता आणि दुसरीचा असलेला निसटला असता.

या कामाला आपण ‘टेस्ट काढणे’ म्हणून फार हलके करून टाकतो. साखरेचेच पाहा. रक्त काढल्यावर नळीतल्या पेशी जिवंतच असतात आणि त्या रक्तातली साखर खात राहतात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशी कमी होते, उन्हाळ्यात अधिक. म्हणून साखरेसाठी फ्लोराइडची, करड्या टोपणाची नळी वापरायची. मे महिन्यात लोहाऱ्याच्या उन्हात साध्या नळीतले रक्त दुचाकीच्या डिकीतून तीन तास फिरले, तर मधुमेह असलेल्या माणसाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, बारीक सुईतून जोराने रक्त ओढले, तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. त्यावर विसंबून डॉक्टर हृदयाचे उपचार सुरू करू शकतो. टीबीसाठी थुंकी चालत नाही, खोल खोकून काढलेला बेडका लागतो, आणि तो कसा काढायचा हे म्हाताऱ्या माणसाला शांतपणे समजावणे हेही तंत्रज्ञाचेच काम. बेडका चांगला असेल तर पुढे यंत्र आहे. गोव्यातल्या वेर्णा इथल्या मोल्बियो कंपनीचे ट्रूनॅट बॅटरीवर चालते आणि तासा-दोन तासांत टीबीचे जंतू आणि औषधाला न जुमानण्याचा गुण ओळखते.

शिकायचे कुठे आणि काय? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा तीन वर्षे अधिक एक वर्ष प्रत्यक्ष काम असा पदवी अभ्यासक्रम शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चालतो, आणि त्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञाची शाखा आहे. लातूरचे शासकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, धाराशिवला २०२२ साली सुरू झाले. पदविका अनेक ठिकाणी मिळते आणि धोका तिथेच आहे. दुकानाच्या माडीवर चालणाऱ्या वर्गाची फी भरण्याआधी पालकांनी एकच प्रश्न विचारावा: इथून बाहेर पडल्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत माझ्या मुलाची नोंदणी होईल का? उत्तर गोलमोल आले तर उठून यावे. २०२१ साली संबद्ध आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि प्रयोगशाळा विज्ञान त्याच्या कक्षेत आले. त्यामुळे नोंदणीशिवायच्या कागदाची किंमत दिवसेंदिवस कमीच होत जाणार.

आणखी एक गोष्ट मुलांना उशिरा कळते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. स्वतःची लॅब टाकून स्वतःच सही करण्याचे स्वप्न घेऊन या वाटेला येणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. खेड्यात पॅथॉलॉजिस्ट मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण चुकलेल्या अहवालाची किंमत खेड्यातला माणूसच मोजतो, हेही तितकेच खरे.

सरकारी नोकरीत प्रयोगशाळेची कायम पदे थोडी आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, टीबी आणि एचआयव्ही कार्यक्रमांची पदे बहुतेक कंत्राटी. वर्षानुवर्षे तेच काम, दरवर्षी नवा करार. दुसरीकडे महालॅबची व्यवस्था आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात नमुना गोळा होतो, मोठ्या प्रयोगशाळेत जातो, रिपोर्ट परत येतो, रुग्णाला पैसे पडत नाहीत. गरिबाच्या खिशाला यातून मोठा दिलासा मिळाला आणि तो मी कमी लेखत नाही. पण जिथे नमुना नुसता गोळाच होतो, तिथल्या तंत्रज्ञाचा सूक्ष्मदर्शकावरचा हात सुटतो. चार वर्षे शिकलेल्या मुलीचे काम नळ्यांवर बारकोड चिकटवण्यावर येते. तिने मग रक्तपेढी, सूक्ष्मजीवशास्त्र, पेशीविज्ञान, रेणवीय तपासण्या किंवा गुणवत्ता नियंत्रण अशा एखाद्या शाखेत पुढे शिकावे. पेशीविज्ञानाला तर आपल्या भागात बार्शीची परंपराच आहे.

इथपर्यंतची गोष्ट तशी भरल्या घरची आहे. आता तपासणी न झालेल्या गटात दगावलेल्या त्या ६४ बायकांकडे पुन्हा यावे लागेल.

अभ्यासात त्यांच्या मृत्यूंची संख्या आहे. त्यांचे शेवटचे महिने कसे गेले याचा रकाना नाही. तो त्या अभ्यासाचा विषयच नव्हता. पण हा आजार शेवटी काय करतो ते ठाऊक आहे. कंबरेतून मांड्यांपर्यंत उतरणारी वेदना. थांबून थांबून जाणारे रक्त. मूत्रवाहिन्या दाबल्या जाऊन निकामी होणारी किडनी. आणि वास. या वासाने बाईचे अंथरूण माजघरातून पडवीत जाते, पडवीतून गोठ्याशेजारच्या खोलीत. नातवंडांना ‘आजीकडं जाऊ नको’ म्हणतात. तिला कोणी टाकलेले नसते, घरच्यांना सुचत नसते इतकेच. मोठ्या शहरातल्या डॉक्टरने ‘आता घरी घेऊन जा, सेवा करा’ म्हटलेले असते. सेवा करा म्हणजे नेमके काय करा, हे कोणी शिकवलेले नसते.

ते शिकवता येते. मेट्रोनिडॅझोलची साधी गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकली की वास पुष्कळ कमी होतो. गोळीची किंमत नगण्य आहे. त्या पुडीने बाईचे अंथरूण पुन्हा माणसांत येऊ शकते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली, टाचा आणि माकडहाड जपले, तर बेडसोर टळतात. तोंड कोरडे पडते, ते ओल्या कापसाने पुसायचे. मॉर्फीनची गोळी वेळेवर, दर चार तासांनी द्यायची, दुखायला लागल्यावर नव्हे, आणि सोबत जुलाबाचे औषध द्यायचे, कारण मॉर्फीनने शौचाला घट्ट होते. ही विद्या आहे, तिला अभ्यासक्रम आहे, तिला पगार असायला हवा.

या विद्येला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तिचा आधुनिक उगम १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातल्या रुग्णांचे काळजीघर, काढणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांच्याकडे जातो. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. या कामात कोण कोण लागते हे त्यांच्या एकटीच्या आयुष्यातच दिसते. भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईतले. १९८६ साली डॉ. लुईस जोझे डिसोझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केले. पुढे त्याच्या शाखा गोव्यात लोटली इथे आणि दिल्लीला झाल्या. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, आणि नातेवाइकालाही सोबत ठेवून शिकवतात. नागपूरला स्नेहांचल आहे. परळच्या टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग डॉ. मेरी अ‍ॅन मुकादन यांनी वाढवला, आणि २०१२ पासून तिथे डॉक्टरांना त्यात एमडी करता येते.

मुंबई, पुणे, नागपूर, गोवा. नकाशावर ही नावे पाहिली की मराठवाडा मोकळा दिसतो. लातूरला १९६६ पासून डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांचे विवेकानंद रुग्णालय आहे, आता त्यांचे कर्करोग रुग्णालयही आहे. बार्शी आहे, सोलापूर आहे. उपचारांसाठी सास्तूरच्या माणसाला दिशा आहे. उपचार संपल्यावरच्या मुक्कामाला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख माणसांना या सेवेची गरज असते आणि ती मिळते साधारण १४ टक्क्यांना. त्यात कर्करोगाचे रुग्ण निम्म्याहून कमी. पक्षाघाताने पडलेले, हृदय आणि फुप्फुस थकलेले, किडनी गेलेले, स्मृती हरवलेले, असे बाकीचे सगळे. भूकंपात कण्याला मार बसून कायमचे अंथरुणावर गेलेल्या माणसाची काळजीही याच विद्येत येते. हे आठवले की सास्तूरमध्ये या विषयाची चर्चा परकी वाटत नाही.

भारतात ही सेवा कमी मिळण्याचे एक मोठे कारण कायदा होता. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फीन बाळगायला इतके परवाने लावले की औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली संसदेने कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध प्रशासनाची एकच मान्यता पुरते. अडथळा बराचसा दूर झाला, पण गेलेली सवय परतली नाही. एक अख्खी पिढी मॉर्फीनची गोळी न लिहिताच डॉक्टर झाली आहे. ‘सवय लागेल’ ही भीती डॉक्टरांतही आहे आणि घरच्यांतही. वेदनेसाठी मोजून दिलेल्या मॉर्फीनचे व्यसन क्वचितच लागते, हे अजून पटवून द्यावे लागते.

केरळने वेगळी वाट धरली. १९९३ साली कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सेवेसाठी सोसायटी काढली. पुढे गल्लीतले शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी त्यात आले. २००८ साली राज्याने धोरण केले आणि पंचायतीच्या खर्चातून परिचारिका घरोघर जाऊ लागली. आपल्याकडे हे होणार नाही असे अनेक जण म्हणतात. मला ते मान्य नाही. गाव सामुदायिक विवाह करते, सप्त्याला हजार माणसांची पंगत उठवते, पालखीला वर्षानुवर्षे पाणी पाजते. एका परिचारिकेची दुचाकी आणि पेट्रोल गावाला जड नाही.

सरकारी चौकटही तयार आहे. केंद्राचा या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा आहे. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, आज त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या बारा सेवांत वृद्धांची आणि न बऱ्या होणाऱ्या आजारांची काळजी कागदावर आहेच. समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद तिथे बसले आहे. म्हणजे परिचर्या शिकलेल्या मुलीला आपल्याच तालुक्यात राहून हे काम करता येईल अशी खुर्ची आहे. तिच्या हाताशी प्रशिक्षण आणि औषध नाही. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्यांसाठी भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटनेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. वारजे आणि परळला प्रत्यक्ष रुग्णांसोबत शिकता येते. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुलांना, फिजिओथेरपिस्टना, समुपदेशकांना इथे खरी गरज म्हणून बोलावले जाते.

हे काम सर्वांना झेपेल असे नाही. आपल्याकडे आजाराचे नाव रुग्णापासून लपवतात. थोरला मुलगा दारातच गाठतो, ‘सिस्टर, आण्णांना काही सांगू नका.’ आत आण्णा विचारतात, ‘पोरं काही बोलत नाहीत, तू तरी खरं सांग.’ दोघांचेही प्रेमच असते. त्या दोघांमध्ये उभे राहून खोटे न बोलता आणि घाव न घालता बोलणे हेही शिकावे लागते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, अखेरच्या उपचारांबाबतच्या इच्छापत्राची सोय केली, २०२३ मध्ये ती सोपीही केली. पण कागदावर सही होण्याआधी घरात हे बोलणे व्हावे लागते.

आणि इथे दोन्ही टोके पुन्हा भेटतात. गावात रिपोर्टबद्दलचा पहिला प्रश्न डॉक्टरला विचारला जात नाही, लॅबवाल्याला विचारला जातो. ‘काय आलंय रे?’ अर्थ सांगणे त्याचे काम नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून माणसे अर्थ काढतात. प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमात संवादाचे चार तास, आणि काळजीच्या प्रशिक्षणात रिपोर्ट वाचण्याचे चार तास, इतके घातले तरी खूप फरक पडेल.

सास्तूरसारख्या ग्रामीण रुग्णालयाला काय लागेल याची यादी लहान आहे. मॉर्फीन ठेवण्याची मान्यता. त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर. घरी जाणाऱ्या दोन परिचारिका, कंत्राटी नव्हे, कायम. एक वाहन. हवेची गादी, लघवीच्या नळ्या, ड्रेसिंगचे साहित्य उसने देण्याची एक खोली. बार्शी, लातूर, सोलापूरच्या रुग्णालयांशी असा करार, की ‘घरी न्या’ म्हणताना त्यांनी घरच्या गावातल्या परिचारिकेला फोन करावा. रुग्ण जीपमधून गावात उतरेल तेव्हा तिला त्याचे नाव, आजार आणि रात्रीच्या गोळीची वेळ माहीत असावी.